पक्ष नसतानाच्या निवडणुका प्रत्यक्षात कशा होत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महापालिकेच्या निवडणुका आल्या की पुण्यात एक मागणी हमखास पुढे येते. प्रभागातून पक्षांना हद्दपार करा, चिन्हे काढून टाका, माणूस बघून मत द्या. आपल्या वाचकपत्रांतही ती आली आहे, आणि तिच्या पुष्ट्यर्थ ‘लोकशाहीच्या सुरुवातीला पक्ष नव्हतेच, तेव्हा निवडणुका स्वच्छ होत’ असे विधान केले गेले आहे. मागणीबद्दल मतभेद असू शकतात. विधान मात्र तपासता येते, कारण त्या काळच्या निवडणुकांची नीट माहिती उपलब्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश वसाहतींना स्वतःची विधिमंडळे मिळाली. न्यूझीलंडची पहिली निवडणूक १८५३ साली झाली. संघटित म्हणावा असा तिथला पहिला पक्ष, लिबरल पक्ष, १८९१ साली सत्तेवर आला. मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांत उभा राहिलेला प्रत्येक उमेदवार आजच्या भाषेत अपक्षच होता. पक्षविरहित निवडणुकीचा याहून मोठा प्रयोग शोधूनही सापडणार नाही. म्हणून तो तपशिलात सांगतो.

आधी मतदार कोण, ते पाहू. न्यूझीलंडच्या १८५२च्या कायद्याने एकवीस वर्षांवरच्या पुरुषाला मत मिळाले, पण मालमत्तेच्या अटीवर. ५० पौंड किमतीची स्वतःची जमीन, किंवा वर्षाला १० पौंड मूल्याचा भाडेपट्टा, किंवा शहरात वर्षाला १० पौंड आणि खेड्यात ५ पौंड भाड्याचे घर, यांपैकी काहीतरी हवे. ही अट त्या काळच्या इंग्लंडच्या मानाने सैल होती, न्यूझीलंडमधल्या बऱ्याच वसाहतवाल्यांना ती पुरी करता येत असे. तरी १८५३च्या यादीत साऱ्या देशातून सहा हजारसुद्धा नावे नव्हती. कारण यादी घरोघर फिरून होत नव्हती. ज्याला मत हवे त्याने मुदतीत स्वतः दावा दाखल करायचा, मग दाव्यांची यादी लागायची, तिच्यावर कोणीही हरकत घ्यायची, हरकतींचा निकाल लागायचा आणि यादी पक्की व्हायची. दूरच्या शेतावरच्या माणसाला यादी लागल्याचेच कळत नसे. पक्ष असता तर त्याच्या कार्यकर्त्याने दावे भरून घेतले असते. इथे ते काम ज्याच्याकडे पैसा आणि मोकळी माणसे होती त्या उमेदवाराने केले, आणि अर्थातच आपल्या माणसांपुरते केले. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरी लोकांची जमीन सामाईक मालकीची, त्यामुळे वैयक्तिक मालमत्तेच्या अटीत त्यांच्यातले फारच थोडे बसले. त्यांच्यासाठी चार जागा आणि प्रौढ पुरुषांना सरसकट मत हे १८६७ साली आले.

एका माणसाला एक मत, हेही नव्हते. ज्या ज्या मतदारसंघात मालमत्ता, त्या त्या ठिकाणी मत. आणि मतदान साऱ्या देशात एका दिवशी होत नसे. पहिली निवडणूक १८५३च्या जुलैत सुरू झाली ती ऑक्टोबर उजाडेपर्यंत चालली. तिसरी डिसेंबर १८६० ते मार्च १८६१. तारखा पुढेमागे असल्याने चार ठिकाणी जमीन असलेला गृहस्थ घोड्यावरून किंवा जहाजाने जाऊन चारही ठिकाणी मत देऊ शकत असे. एका गावात पडलेला उमेदवार, अजून निवडणूक व्हायची आहे अशा दुसऱ्या गावात जाऊन उभा राहू शकत असे. एकापेक्षा जास्त ठिकाणी मत देण्याची सवलत १८८९ साली गेली. सर्वसाधारण मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान पहिल्यांदा डिसेंबर १८८१ मध्ये झाले.

आता प्रत्यक्ष दिवस. निवडणुकीचा हुकूम निघाला की निवडणूक अधिकारी नामनिर्देशनाची तारीख जाहीर करी. त्या दिवशी सभागृहासमोर किंवा मोकळ्या जागेत फळ्यांचा उंच मंच उभारत. अधिकारी हुकूम वाचून दाखवी. मग एक मतदार नाव सुचवी, दुसरा अनुमोदन देई, उमेदवार भाषण करी, समोरचे लोक मध्येच प्रश्न विचारीत, हुर्यो उडवीत. सगळ्यांची भाषणे झाली की अधिकारी एकेका नावासाठी हात वर करायला सांगे, नजरेने अंदाज घेई आणि कोण निवडून आला ते जाहीर करी. गर्दीत मतदार किती, बघे किती, पोरेटोरे किती, याची तपासणी होत नसे. हरलेल्याने तिथल्या तिथे ‘पोल’ची मागणी केली तरच पुढे खरे मतदान व्हायचे, नाही केली तर हातांवर निकाल. जागा असतील तितकीच नावे आली तर तेवढेही नाही. बे ऑफ आयलंड्समधून ह्यू कार्लटन असेच बिनविरोध निवडून आले आणि त्या देशाचे पहिले लोकप्रतिनिधी ठरले.

‘पोल’ मागितला की काही दिवसांनी मतदान. मतदार टेबलापाशी येई. अधिकाऱ्याला त्याला ठरावीकच प्रश्न विचारता येत: यादीतले हे नाव तुझेच का, या निवडणुकीत आधी मत दिलेस का, तुझी पात्रता अजून आहे का. उत्तरे बरोबर आली की मतदार आपल्या उमेदवाराचे नाव सर्वांसमक्ष सांगे आणि कारकून ते वहीत त्याच्या नावापुढे लिहून घेई. मतपत्रिका नाही, पेटी नाही. टेबलाभोवती उमेदवारांची माणसे उभी.

या एका गोष्टीतून बहुतेक सगळे दोष निघाले, म्हणून इथे थोडे थांबतो. नाव मोठ्याने सांगायचे म्हटल्यावर ते घरमालक ऐकणार, ज्याच्याकडे उधारी आहे तो दुकानदार ऐकणार, कामावर ठेवणारा ऐकणार. लाच देणाऱ्याची तर मोठीच सोय, कारण दिलेल्या पैशाचा माल मिळाला की नाही हे त्याला जागेवरच कळते. शिवाय बेरीज दिवसभर उघडी राहते. दोन्ही बाजूंची माणसे मते टिपून दर तासाला आकडे बाहेर लावत. त्यामुळे सकाळी मताला भाव नसे; दुपारी, दोघांत दहा-बारा मतांचे अंतर उरले की तो चढे. अजून मत न दिलेले लोक मग गुत्त्यांतून शोधून आणले जात. गुत्त्यांना त्या दिवशी उमेदवाराच्या खर्चाने उघडे ठेवण्याची रीत होती, आणि तिला कोणी फारसे नावे ठेवत नसे. मतदारसंघ लहान, काही ठिकाणी तर साऱ्या यादीत शे-दोनशे नावे. तिथे दहा मते विकत घेणे म्हणजे जागा विकत घेणे. यातल्या एकाही प्रकाराला पक्षाची गरज पडली नाही.

चार सदस्यांच्या प्रभागाची सवय असलेल्या पुणेकरांना आणखी एक तपशील विशेष वाटेल. १८५३ साली २४ मतदारसंघांतून ३७ सदस्य निवडायचे होते. म्हणजे काही ठिकाणी दोन, तर ऑकलंड आणि वेलिंग्टन शहरांत तीन-तीन जागा. आपल्याकडे अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या असतात आणि प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र. तिथे सगळे उमेदवार एकाच यादीत, मतदाराला जागांइतकी मते, आणि सर्वाधिक मते पडलेले पहिले तिघे निवडून. अशा पद्धतीत तीनही मते वापरणे धोक्याचे असते, कारण तुमचे दुसरे मत तुमच्याच लाडक्या उमेदवाराला मागे टाकू शकते. म्हणून जाणते मतदार एकच मत देत आणि बाकीची सोडून देत. मग दोन उमेदवार आपसांत ठरवीत: तुझ्या माणसांनी दुसरे मत मला द्यावे, माझ्या माणसांनी तुला. सोसायटीच्या किंवा पतपेढीच्या निवडणुकीत ज्याला आपण पॅनेल म्हणतो, ते हेच. पक्ष नसलेल्या यादीत पॅनेल आपोआप तयार होते. फरक इतकाच, की त्याला नाव नसते, जाहीरनामा नसतो, आणि निकालानंतर शब्द फिरवला तर जाब विचारायला जागा नसते.

इलाज कुठून आला, हे त्याहून महत्त्वाचे. व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या शेजारच्या दोन वसाहतींनी १८५६ साली गुप्त मतदानाचा कायदा केला. तिथेही तेव्हा पक्ष नव्हते. व्हिक्टोरियात विल्यम निकोल्सन यांनी विधिमंडळात मागणी मंजूर करून घेतली आणि हेन्री सॅम्युअल चॅपमन या वकिलाने ती कशी राबवायची ते लिहून काढले. सरकारने स्वतःच्या खर्चाने मतपत्रिका छापायची. तिच्यावर सगळ्या उमेदवारांची नावे. अधिकाऱ्याने ती मतदाराच्या हातात द्यायची, मतदाराने आडोशाला जाऊन नको असलेली नावे खोडायची, घडी घालायची आणि स्वतः पेटीत टाकायची. यातला प्रत्येक भाग एकेका चोरवाटेसाठी आहे. छपाई सरकारची, कारण उमेदवाराने छापलेली चिठ्ठी रंगावरून आणि कागदावरून लांबून ओळखू येते. आडोसा सक्तीचा, कारण ऐच्छिक ठेवला तर ‘आडोशाला का गेलास?’ असे मालक विचारणार. पत्रिका केंद्रातच मिळणार, कारण बाहेर मिळाली तर भरलेली पत्रिका घेऊन माणूस आत पाठवता येतो.

नावे खोडण्याच्या रीतीत एक घोटाळा होता. उमेदवार आठ असले आणि एक नाव खोडायचे राहिले की मत बाद. साउथ ऑस्ट्रेलियाचे निवडणूक अधिकारी विल्यम बूथबी यांनी तो काढला: प्रत्येक नावासमोर चौकोन आणि हव्या त्या नावापुढे फुली. कमी शिकलेल्यालाही जमेल अशी ही सुधारणा, आणि आमच्या मते त्या शतकातल्या मोठमोठ्या भाषणांपेक्षा तिने लोकशाहीचे अधिक भले केले. व्हिक्टोरियाने पत्रिकेवर मतदाराचा क्रमांक घालण्याची तरतूद केली, म्हणजे खोटे मत पडल्याचे सिद्ध झाले तर तीच पत्रिका शोधून काढता यावी. गुप्ततेला त्यातून धोका आहे हा आक्षेप तेव्हापासूनचा. आपल्याकडच्या कागदी मतपत्रिकेचे स्थळप्रतीवरचे क्रमांक ज्यांना आठवतात त्यांना हा वाद ओळखीचा वाटेल. इंग्लंडने ही पद्धत १८७२ साली उचलली. न्यूझीलंडने कायदा १८७० साली केला आणि १८७१च्या निवडणुकीत ती वापरली. म्हणजे पहिल्या चार सार्वत्रिक निवडणुका उघड्या मतदानानेच झाल्या, आणि त्यांतल्या शेवटच्या दोन तर शेजारी उदाहरण असतानाही.

निवडणुकीनंतर काय होत असे, तेही पाहू. न्यूझीलंडमध्ये जबाबदार मंत्रिमंडळाची पद्धत १८५६ साली सुरू झाली. हेन्री स्युएल ७ मे रोजी पंतप्रधान झाले आणि दोन आठवडेही टिकले नाहीत. त्यांच्या जागी विल्यम फॉक्स आले, तेही तितकेच टिकले. २ जूनला एडवर्ड स्टॅफर्ड आले तेव्हा कुठे स्थैर्य आले. साउथ ऑस्ट्रेलियाने १८५७ या एका वर्षात चार पंतप्रधान पाहिले; त्यांतले जॉन बेकर दीड आठवड्याच्या आसपास होते. यातल्या कोणाही मतदाराने या माणसांना त्या पदासाठी मत दिले नव्हते आणि त्यांना पाडण्यासाठीही दिले नव्हते. सदस्य मोकळा होता, आणि मोकळ्या सदस्याला रस्ता, धक्का किंवा एखादी नेमणूक देऊन वळवता येते, हे मंत्री लवकर शिकले. नियमित पगार नसल्याने पदरमोड करू शकणाराच सभागृहात बसे. दक्षिणेकडच्या ओटॅगोहून ऑकलंडच्या अधिवेशनाला यायचे तर जहाजाचा लांब प्रवास आणि महिनोन्‌महिने कामधंदा बंद. त्यामुळे राजीनामे आणि पोटनिवडणुका सतत चालू.

त्या व्यवस्थेची एक बाजू खरोखर चांगली होती आणि ती सांगितलीच पाहिजे. रॉबर्ट टॉरेन्स हे १८५७ साली साउथ ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमधून जमिनीच्या मालकी हक्काची नोंदणी सुधारण्याच्या मुद्द्यावर निवडून आले. त्यांनी विधेयक मांडले, वकीलमंडळींचा विरोध झाला, तरी जानेवारी १८५८ मध्ये ते मंजूर झाले. नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक आणि नोंदीची हमी सरकारची, हे त्याचे मूळ तत्त्व. पुढे जगभर ते टॉरेन्स पद्धत म्हणून गेले. सात-बाऱ्यावर नाव असूनही मालकी कोर्टात सिद्ध करावी लागणाऱ्या आपल्या लोकांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. पक्षादेशाने बांधलेल्या सभागृहात एकट्या सदस्याचे असे विधेयक इतक्या लवकर पार पडणे अवघड. पक्षविरहित राजकारणाची बाजू मांडणाऱ्यांनी हा दाखला द्यावा. तो भक्कम आहे. निवडणुकीच्या शुद्धतेचा दाखला मात्र तिथे नाही.

पुण्याला हे सगळे परके नाही. २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा सभासद होणाऱ्याला किमान पन्नास जणांच्या सह्यांचे मुखत्यारनामे आणावे लागत. प्रतिनिधित्व कागदावर सिद्ध करण्याचा तो प्रयत्न त्या काळात फार पुढचा होता. पण सही म्हणजे उघडे मत. कोणी कोणाला मुखत्यार केले हे सर्वांना दिसणार. पुढे १८९५ साली सभेच्या कार्यकारिणीवर टिळकांच्या बाजूचे लोक निवडून आले, रानड्यांच्या बाजूची मंडळी बाहेर पडली आणि १८९६ साली डेक्कन सभा निघाली. निवडणूक लढवणारा पक्ष एकही नव्हता, तट मात्र पुरते पडले होते.

मुंबई कायदेमंडळाचेही तसेच. १८९२च्या कायद्यात ‘निवडणूक’ हा शब्दच टाळला होता. नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठ अशा संस्थांनी नावाची शिफारस करायची आणि सरकारने नेमणूक करायची. टिळक १८९५ साली मध्य विभागाच्या लोकल बोर्डांतर्फे कायदेमंडळात गेले, गोखले १८९९ साली. सामान्य पुणेकराला त्यात मत नव्हते. मत होते ते बोर्डाच्या सभासदांना. १८९३ साली न्यूझीलंडमध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला, त्याच सुमारास आपल्याकडे ही शिफारशीची पद्धत सुरू होत होती. टिळक-गोखले पक्षाविना निवडून गेले हे खरे, पण ते कोणत्या मतदारांतून गेले ते सोडून देऊन त्या काळाचे गोडवे गाणे योग्य नाही.

म्हणून आमची विनंती अशी आहे. चिन्हे काढा म्हणणाऱ्यांनी पुढची दोन उत्तरेही द्यावीत. उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब, मतदारयादीची दुरुस्ती, मतदारांना केंद्रापर्यंत आणणे ही कामे पक्षाने न करता कोणी करायची? ती पैसेवाल्या उमेदवारावर सोडली की काय होते ते वर सांगितले आहे. दुसरे उत्तर कायद्याच्या अंगाने हवे. महापालिका अधिनियमातल्या स्थायी समितीच्या सोळा जागा सभागृहातल्या पक्षांच्या आणि नोंदणीकृत गटांच्या संख्याबळाप्रमाणे वाटल्या जातात. अपक्षांनाही त्यासाठी आघाडी करून विभागीय आयुक्तांकडे नोंदवावी लागते. सगळेच नगरसेवक अपक्ष आले तर निकालानंतर पहिल्या महिन्यात आघाड्याच बांधल्या जाणार, आणि त्या मतदारापुढे कधीच आलेल्या नसणार. हे टाळायचे तर समितीच्या जागा सभागृहाने गुप्त मतदानाने भराव्यात, की चिठ्ठ्या टाकून, की आळीपाळीने? आणि त्यासाठी अधिनियमातले कोणते कलम कसे बदलायचे? हे लिहून पाठवणाऱ्यांची पत्रे आपण अवश्य छापावीत, आम्ही ती लक्षपूर्वक वाचू आणि त्यावर जमेल तितके लिहू.

आपले,
इतिहास व निवडणूक पद्धतींचे काही अभ्यासक, पुणे